निवळणं

मेडिकल चौकातल्या रसवाल्या निनावेकडून
मी रोज सकाळी दोन किलो बर्फ घेते.
आमचं बर्फाचं मशीन एप्रिलपासून बंद आहे,
अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे.
कशाला, असं निनावे विचारत नाही. फक्त म्हणतो,
"धावत जा मॅडम, शेहेचाळीसवर जाऊन राहिला पारा."

उंदराचं हृदय चन्यामन्या बोराएवढं.
गार पाण्यात धुतलं तरी
काही वेळ आपल्या ठेक्यात चालत राहतं,
कोणी त्याला सांगितलंच नाही, तसं.
मग कात्री, मग गरगर फिरणारं यंत्र,
आणि नळीच्या तळाशी उरतो
चहाच्या सायीसारखा तपकिरी थर.
मायटोकॉन्ड्रिया.
सातवीत ढाकाटे मॅडम कोराडीच्या धुराड्यांकडे
बोट दाखवून म्हणाल्या होत्या,
नागपूरला ती, तशी पेशीला ही.

हा थर काचेच्या चौकोनी नळीत सोडला
की पाणी गढूळ होतं, तांदूळ धुतल्यासारखं.
गढूळ म्हणजे जिवंत.
मग मी कॅल्शियम देते.
थेंब. दोन मिनिटं थांब. थेंब.
ते पिऊन घेतात. थोडं लागतंच त्यांना,
त्याशिवाय कामाला हात लावत नाहीत.
बाबा खर्रा घोटताना नखावर घ्यायचे तेवढाच चुना;
त्याहून जास्त झाला की गाल सोलायचा.
सहावा थेंब. सातवा.
आठव्याला कुठेतरी एक दार उघडतं
आणि मिटत नाही.
पाणी आत शिरतं, भिंती फुगतात,
गढूळपणा जातो.
आलेखावरची रेघ उतरते. नळी स्वच्छ,
पलीकडची माझी बोटं दिसावीत इतकी.
आमच्याकडे निवळणं म्हणजे मरणं.

दुसऱ्या नळीत आधी ते लाल औषध.
तिथे चौथ्याच थेंबाला निवळतं.
तिसऱ्या नळीत त्या दाराला कडी घालणारं औषध;
एकदा अकरा थेंब टिकलं.
वहीत मी अकराखाली दोन रेघा मारल्या,
मग एक खोडली.

इंदूताईला तेच लाल औषध सुरू आहे.
तुकडोजी पुतळ्याजवळचा वॉर्ड, खिडकीशेजारची खाट.
गाठीवर चांगलं लागू पडतंय, डॉक्टर म्हणतात.
फाइलच्या कोपऱ्यात मात्र दर वेळी एक बेरीज असते,
आजवर एकूण किती दिलं त्याची.
गाठ विसरते, हृदय विसरत नाही,
म्हणून ते लिहून ठेवतात.

"तुया उंदराले बी हेच देतेस काय वं?"
"हो."
"मंग काय म्हनते थो?"
मी टरबुजाच्या बिया काढत राहिले.
ती नळी म्हणजे काही तिची छाती नाही,
हे मी स्वतः दर वर्षी नव्या पोरांना सांगते.
नळीतल्यांना रक्त नाही, झोप नाही, रविवार नाही.
तरी तिचं मनगट हातात आलं
की मी ठोके मोजत नाही,
थेंब मोजते.

त्या औषधानंतर लघवी लाल होते.
आधी सांगितलं होतं, तरी पहिल्यांदा घाबरली,
मग हसली. "होळी झाली ना बाप्पा संडासात."

आज सकाळी साडेसात.
निनावेचा बर्फ अर्धा पाणी झालेला,
सहा थेंब देऊन झालेले,
आणि तिचा फोन. मागे कूलरची घरघर.
"निवळलं वं सारं," ती म्हणाली.
माझा हात यंत्राच्या झाकणावर तसाच.
"ऐकून राहिली ना? निवळलं."
"काय निवळलं?" मी विचारलं. दोनदा.
मग कळलं.

सातवा थेंब द्यायचा राहूनच गेला.
नळी अजून गढूळ होती.